पाण्यात बुडवून आकारमान मोजणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतो. दिवाळीची सुट्टी संपली की फोनवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते: मुलाचा प्रकल्प, शिष्यवृत्तीचं अडलेलं गणित, नाहीतर जेवणाच्या टेबलावर पेटलेला वाद. बादलीचे फोटोही येतात. दर वेळी नव्याने टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं मांडून ठेवलं आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे धागा दुसरीकडे जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आकारमान आणि घनफळ यांत फरक काय? विज्ञानाच्या बाई एक म्हणतात, गणिताचे सर दुसरं.

दोन्ही एकच. वस्तूने अडवलेली जागा. विज्ञानाच्या पुस्तकात तिला आकारमान म्हणतात, गणिताच्या पुस्तकात घनफळ. पेपर ज्या विषयाचा असेल तो शब्द लिहा.

खरा घोळ 'विस्थापन' या शब्दाने होतो. नववीच्या गतीच्या धड्यात विस्थापन म्हणजे निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर. इथे विस्थापित पाणी म्हणजे वस्तूने बाजूला सारलेलं पाणी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. मी खाली 'सारलेलं पाणी' असंच म्हणणार आहे.

एककं एकदाच पाठ करून टाका: १ मिलिलीटर म्हणजे १ घनसेमी, १ लीटर म्हणजे १००० घनसेमी, आणि १ घनमीटर म्हणजे १००० लीटर.

२. पातळी जेवढी चढते तेवढंच वस्तूचं आकारमान, हे कशावरून?

पाणी दाबून लहान होत नाही. निदान घरातल्या टाकीत तरी नाही. दगड जिथे जाऊन बसला तिथलं पाणी कुठेतरी गेलंच पाहिजे. खाली तळ, बाजूंना भिंती, म्हणून ते वर जातं. गच्च भरलेल्या लोकलमध्ये एक माणूस आत शिरला की दाराशी उभा असलेला बाहेर येतो, तसंच. पाण्याला दगडाच्या आकाराशी देणंघेणं नसतं. त्यामुळे वेड्यावाकड्या आल्याचं आकारमानही तितक्याच सहज मिळतं, जितकं खोडरबराचं मिळतं.

३. टाकीत मोजायचं तर सूत्र काय?

तळाचं क्षेत्रफळ गुणिले चढलेली पातळी. टाकी आतून ६० सेमी लांब, ३० सेमी रुंद, दगड टाकल्यावर पाणी २ सेमी चढलं, तर ६० × ३० × २ = ३६०० घनसेमी, म्हणजे ३.६ लीटर. टाकीच्या भिंती मात्र उभ्या सरळ हव्यात.

वृत्तचितीच्या भांड्यातही हेच. १२ सेमी त्रिज्येच्या भांड्यात ६ सेमी त्रिज्येचा लोखंडी गोळा पूर्ण बुडाला, तर गोळ्याचं घनफळ २८८ पाय (π), तळाचं क्षेत्रफळ १४४ पाय, पाणी चढलं २ सेमी. पाय उडून जातो. सुरुवातीलाच २२/७ भरून पानभर गुणाकार करणाऱ्या मुलांची मला दया येते.

'आतून' हा शब्द वर मुद्दाम लिहिला आहे. काचेची जाडी ५ मिमी असेल आणि तुम्ही टेप बाहेरून लावला, तर खरा तळ ५९ × २९ = १७११ चौसेमी असताना तुम्ही १८०० धरता. पाच टक्के चूक तिथेच, पाण्याला हात लावायच्या आधी.

४. जास्त पाणी घेतलं तर उत्तर बदलेल का? आणि जड वस्तू जास्त पाणी सारते ना?

दोन्हींना नाही. वस्तू पूर्ण बुडाली की खाली किती पाणी आहे याने फरक पडत नाही.

वजनाचंही तसंच. एकाच मापाचे लोखंडाचा आणि ॲल्युमिनिअमचा असे दोन ठोकळे घ्या. लोखंडाचा जवळपास तिप्पट जड, पण बुडाल्यावर दोघं सारखंच पाणी सारतात. वजनाचा संबंध येतो तो वस्तू *तरंगत* असेल तेव्हा. ते प्रश्न १६ मध्ये.

५. बादलीत लिंबू बुडवलं, पातळी हललीच नाही. काय चुकलं?

तत्त्व नाही, भांडं चुकलं. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त इथेच संपतात.

हिशोब करा. बादलीचा व्यास २८ सेमी धरला तर पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ६१६ चौसेमी. म्हणजे १ मिमी पातळी चढायला ६१.६ घनसेमीची वस्तू लागते. लिंबू साधारण ४० घनसेमीचं, म्हणजे पाणी जेमतेम ०.६ मिमी चढणार. पट्टीवर १ मिमीच्या खाली रेघच नसते, शिवाय पाणी हलत असतं. आता ६ सेमी व्यासाचा उभा ग्लास घ्या. क्षेत्रफळ सुमारे २८ चौसेमी, तेच लिंबू पाणी जवळजवळ दीड सेंटिमीटर चढवतं.

नियम एवढाच: वस्तू जेमतेम आत जाईल इतकं अरुंद भांडं. वस्तू फारच लहान असेल तर अनेक एकदम टाका. १.६ सेमी व्यासाची एक गोटी सुमारे २.१ घनसेमी भरते, ती एकटी मोजू नका. वीस टाका, वीसने भागा.

६. मोजपात्र नाही. घरात काय वापरू?

दोन लीटरची गुळगुळीत सरळ बाटली घ्या आणि मान कापून टाका. बाहेरून कागदी पट्टी चिकटवा, औषधाच्या झाकणाने किंवा बाळाच्या दुधाच्या बाटलीने मोजून ५०-५० मिलिलीटर पाणी ओता, दर वेळी रेघ मारा. झालं मोजपात्र. कंबर असलेली बाटलीही चालते, कारण रेघा पाणी ओतून मारल्या आहेत, पट्टीने नाही.

भोपळा, नारळ अशी मोठी वस्तू असेल तर बादली लागतेच. पण तिचा घेर वर वाढत जातो, म्हणून प्रश्न ३ चं सूत्र चालत नाही. मग असं करा:

पाणी भरून पहिली खूण करा. वस्तू पूर्ण बुडवून दुसरी खूण करा. वस्तू काढा. आता पाणी पहिल्या खुणेच्या जरा खाली असेल, कारण थोडं वस्तूला चिकटून बाहेर गेलं. *न मोजता* पाणी ओतून ते पहिल्या खुणेला आणा. तिथून दुसऱ्या खुणेपर्यंत मोजून पाणी ओता. जेवढं ओतलं तेवढं आकारमान. मधली 'न मोजता'ची पायरी गाळली, तर चिकटलेलं पाणीही वस्तूच्या खात्यावर पडतं.

७. फुलपात्र काठोकाठ भरून परातीत सांडलेलं पाणी मोजतो. दर वेळी वेगळं उत्तर का?

एकदा नुसतं बघत बसा. स्टीलचं फुलपात्र काठोकाठ भरा, डोळे काठाच्या पातळीला आणा आणि एक रुपयाचं नाणं कडेने हळूच सोडा. सांडत नाही. दुसरं, तिसरं, चौथं. पाण्याला पोट येतं, ते काठाच्या वर फुगून उभं राहतं, आणि मग अचानक एका बाजूने ओघळ फुटतो. पृष्ठताणाची ही करामत. फुटतं तेव्हा भसकन जास्त सांडतं. नाही फुटलं तर तुमची अर्धी वस्तू त्या पोटात लपलेली असते. वर थोडं पाणी फुलपात्राच्या बाहेरच्या अंगाला चिकटून परातीत उतरतच नाही.

उपाय म्हणजे तोटी. कापलेल्या बाटलीला वरून तीन-चार बोटं खाली तापलेल्या खिळ्याने भोक पाडा (हे मोठ्यांनी करावं), शीतपेयाची नळी बाहेर उतरती राहील अशी बसवा, कडेने एम-सील लावा. नळीच्या वर पाणी भरा, ठिबकायचं थांबेपर्यंत वाट बघा, आणि मगच वस्तू सोडा. ठिबकणं थांबायला मिनिटभर लागतं. मुलांना तेवढा धीर नसतो, आणि चूक नेमकी तिथेच होते.

८. वजनकाट्यावर आकारमान मोजता येतं असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि घरी करण्यासारख्या सगळ्या पद्धतींत मला हीच आवडते. पातळी वाचायची नाही, सांडायचं नाही, पट्टी नाही.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. वस्तूला बारीक दोरा बांधा. दोरा हातात धरून वस्तू पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घनसेमी आकारमान.

का? पाणी वस्तूला वर ढकलतं, सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. तेवढ्याच जोराने वस्तू पाण्याला खाली ढकलते, आणि तो जोर काट्याला कळतो. वस्तूचं उरलेलं वजन तुमच्या हातातल्या दोऱ्यावर असतं.

आता दोरा सोडून द्या. वस्तू तळाला बसली की काटा तिचं पूर्ण वजन दाखवतो. माझ्या ओट्यावरच्या बटाट्याचे आकडे: लटकताना १४२, सोडल्यावर १५३. भागाकार केला, घनता १.०८. दोन वाचनांत वस्तुमान, आकारमान आणि घनता तिन्ही हातात. वेफर्सच्या कारखान्यांतही बटाटा पाण्याच्या तुलनेत किती घन आहे ते बघतात, कारण घन बटाट्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त असतं.

काहीजण विचारतात, पाण्याची घनता नेमकी १ कुठे असते? ती ४ अंश सेल्सिअसला असते. ३० अंशाला ०.९९६ होते. म्हणजे १४२ च्या जागी १४२.६. एक-एक ग्रॅमने उड्या मारणाऱ्या काट्यावर हा फरक सोडून द्या.

९. तरंगणाऱ्या वस्तूचं काय? बूच, लाकूड, सफरचंद?

नुसती सोडली तर फक्त बुडालेल्या भागाचं आकारमान मिळेल. तिला दाबून पूर्ण पाण्याखाली न्यायला हवं, पण बोटाने नको. बोटाचं पहिलं पेर बुडालं तरी चार-पाच घनसेमी पाणी सारलं जातं आणि ते बुचाच्या नावावर लागतं. विणायची बारीक सुई किंवा तार वापरा.

नाहीतर आधी नुसता खिळा बुडवून पातळी नोंदवा, मग बूच आणि खिळा एकत्र बांधून बुडवा. वाढलेलं तेवढं बुचाचं. प्रश्न ८ ची पद्धतही चालते: सुईने पूर्ण दाबून धरल्यावर काटा जे दाखवेल ते आकारमान, सुई काढून मोकळं तरंगू दिल्यावर दाखवेल ते वजन.

१०. मीठ, गूळ, खडीसाखर?

पाण्याऐवजी गोडंतेल. साखर-मीठ तेलात विरघळत नाही. पातळीने मोजत असाल तर बाकी काही बदलत नाही. काट्याने मोजत असाल तर आकडा तेलाच्या घनतेने, साधारण ०.९२ ने, भागा.

११. वीट टाकल्यावर चढलेलं पाणी हळूहळू खाली का येतं?

वीट पाणी पिते. बुडबुडे दिसतात ती तिच्या छिद्रांतून निघणारी हवा, आणि त्या जागी पाणी शिरतं. साध्या भाजलेल्या विटेने २४ तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये असा दंडक आहे. म्हणजे तीन किलोची चांगली वीटही अर्धा लीटर गिळू शकते.

तेव्हा आधी ठरवा, काय हवंय. बांधकामासाठी विटेचं बाहेरचं माप हवं असेल तर रात्रभर भिजवा, फडक्याने वरवर पुसा आणि मग बुडवा. भिजवायची नसलेली वस्तू असेल तर मेणाचा पातळ थर द्या. कापूस, स्पंज, पाव यांच्या नादी लागू नका.

१२. तांब्या बुडवला तर आतलं आकारमान मिळतं की बाहेरचं?

तिसरंच. आत पाणी शिरलं तर फक्त धातूचं. २५० ग्रॅमचा तांब्याचा तांब्या पूर्ण भरून बुडाला तर जेमतेम २८ घनसेमी पाणी सारतो, मग त्यात लीटरभर पाणी मावत का असेना. पालथा दाबला तर आत अडकलेली हवाही मोजली जाते. आत किती मावतं हे हवं असेल तर भरून ओता आणि मोजा. बुडवायची गरज नाही.

१३. फिश टँकमध्ये वाळू-दगड आहेत. औषध घालायला पाणी नक्की किती धरू?

लांबी × रुंदी × उंची करून औषध घातलं तर डोस जास्त पडतो. नवीन टाकी लावताना आधी नुसतं पाणी भरा. ६० × ३० च्या टाकीत २० सेमी म्हणजे ३६ लीटर. मग वाळू-दगड घाला. पातळी २३.५ झाली तर वाळू-दगडांचं खरं आकारमान ६.३ लीटर. वाळूच्या कणांमधल्या फटीत पाणीच असतं, आणि ते या पद्धतीत आपोआप पाण्यात धरलं जातं. वाळू थोडी ढवळा, नाहीतर हवा अडकून बसते.

१४. टाकी पूर्ण भरलेली नव्हती, तरी दगड टाकल्यावर पाणी सांडलं. दगडाचं घनफळ म्हणजे सांडलेलं पाणी ना?

नाही. दगडाने आधी रिकामी जागा भरली, मग सांडवलं. दोन्हींची बेरीज करा.

टाकी ५० × ४०, उंची ३०, पाणी २७ सेमीपर्यंत. रिकामी जागा ५० × ४० × ३ = ६००० घनसेमी. दीड लीटर सांडलं, तर दगड ७.५ लीटरचा. पुढचा उपप्रश्न हमखास येतो: दगड काढल्यावर पातळी किती? ५४,००० मधले १५०० गेले, उरले ५२,५००. भागिले २०००, म्हणजे २६.२५ सेमी. बरीच मुलं पुन्हा २७ लिहितात.

१५. टाकीत खांब उभा केला आणि तो पाण्याच्या वर राहिला. आता?

स्पर्धा परीक्षेतला हा आवडता सापळा. खांब पूर्ण बुडालेला नाही, म्हणून त्याचं सगळं घनफळ धरायचं नाही. त्याने तळाची जागा अडवली, एवढंच. पाणी तेवढंच, पण उभं राहायला जागा कमी.

तळ ४० × ३० = १२०० चौसेमी, पाणी १० सेमी, म्हणजे १२,००० घनसेमी. खांबाचा तळ २० × २० = ४००. पाण्याला उरले ८००. नवी पातळी १२,००० ÷ ८०० = १५ सेमी.

इथे थांबू नका. खांब १५ सेमीपेक्षा उंच आहे का ते बघा. तो १२ सेमीचाच असेल तर पाणी त्याच्या डोक्यावरून जाईल आणि वरचा हिशोब रद्द. मग ४०० × १२ = ४८०० ÷ १२०० = ४, पातळी १४ सेमी. उंची न तपासता १५ ला खूण करणाऱ्यांसाठी पर्यायांत १५ ठेवलेला असतोच.

१६. टाकीतल्या होडीतून दगड पाण्यात टाकला, तर पातळी चढेल की उतरेल?

उतरेल. यावर घरोघरी भांडणं झाली आहेत. दगड होडीत असताना होडी त्याच्या *वजनाइतकं* पाणी सारते. तळाला गेला की तो फक्त आपल्या *आकारमानाइतकं* सारतो. अडीच किलोचा, २.५ घनतेचा दगड होडीत असताना अडीच लीटर सारत होता, आता एक लीटर.

तरंगणारा बर्फ वितळल्यावर पातळी तशीच राहते, कारण तो स्वतःच्या वजनाइतकंच पाणी सारत होता आणि तेवढंच पाणी बनतो. बर्फात खडा गोठलेला असेल तर मात्र पातळी उतरते. तीच होडीची गोष्ट.

१७. सोन्याची अंगठी खरी आहे का, हे असं तपासता येईल?

पितळ पकडता येईल, बाकी फारसं नाही. १० ग्रॅमची २२ कॅरेट अंगठी सुमारे ०.५६ घनसेमी भरते. पितळेची सुमारे १.२. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा असेल तर प्रश्न ८ च्या पद्धतीने हा फरक स्पष्ट दिसतो. पण २२ आणि २० कॅरेटमधला फरक बुडबुड्याएवढ्या चुकीतही बुडून जातो. खडा बसवलेला किंवा पोकळ दागिना असेल तर विषयच संपला. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५ आणि शुद्ध सोन्याची १९.३, आत टंगस्टन भरलेला तुकडा पाण्याला फसवतो. हॉलमार्कवरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, तपासा.

१८. आर्किमिडीजने मुकुटाची चोरी अशीच पकडली ना?

'युरेका'ची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसच्या लिखाणातून, आणि तो आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. सिराक्यूजच्या हिएरो राजाचा मुकुट, त्यात चांदीची भेसळ, न्हाणीघरात सुचलेली युक्ती, हे सगळं तिथलं.

आता प्रश्न ५ चा हिशोब इथे लावा. मुकुट एक किलोचा धरू. शुद्ध सोनं ५१.८ घनसेमी. ३० टक्के चांदी मिसळली तर ६४.८. फरक १३ घनसेमी. मुकुट मावेल असं २० सेमी व्यासाचं भांडं घेतलं तर पातळीतला फरक जेमतेम ०.४ मिमी. तो नुसत्या डोळ्यांनी, त्या काळच्या भांड्यात? गॅलिलिओलाही हे पटलं नव्हतं. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने लिहिलं की आर्किमिडीजने वस्तू पाण्यात लटकवून तराजूनेच तोलली असणार. म्हणजे आपली प्रश्न ८ ची जातकुळी. मला गॅलिलिओचं म्हणणं पटतं.

१९. तुळापूरला हत्ती तोलला होता, तो याच पद्धतीने का?

पाणी तेच, मोजलं मात्र दुसरंच. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळादान केलं आणि हत्ती तोलायची युक्ती शहाजीराजांनी सुचवली, असं सांगतात. गावाचं नाव त्यावरून तुळापूर. हत्तीला नावेत उभं केलं, नाव जिथवर बुडाली तिथे खूण केली, हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नावेत दगड भरले आणि ते दगड तोलले.

नाव तरंगत होती, म्हणून मिळालं ते हत्तीचं वजन. आकारमान हवं असतं तर हत्तीला पाण्यात पूर्ण बुडवावं लागलं असतं, सोंडेसकट. आणि सोंड तो वर काढणारच.